वाचकांची गैरसोय होऊ नये म्हणून

२ मे
होस्टिंग कंपनीचं पत्र आलं. आपली वेबसाइट त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं भाडं. पहिली तीन वर्षं सवलत होती, आता तिप्पट. वर 'प्रिय ग्राहक'.
ह्यांनी साइट काढून दिली तेव्हा म्हणाले होते, वाचलेल्या पुस्तकांवर एवढं बोलतेस, ते लिही, म्हणजे मला शांतपणे जेवता येईल. ह्यांना जाऊन सात महिने होत आले. कंपनीला त्याचं काय.
मुदत ३१ मेची. त्याआधी कंपनी बदलायची. पक्कं.

४ मे
ह्यांचे धाकटे भाऊ आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाऊजींना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. म्हणाले, वहिनी, अर्ध्याहून कमी भाड्यात दुसरी कंपनी आहे, एका दुपारी हलवून देतो. फक्त तुमचे लेख जातील, वाचकांनी खाली लिहिलेल्या प्रतिक्रिया जाणार नाहीत.
म्हटलं, उत्तम. प्रतिक्रिया म्हणजे तो 'जिज्ञासू'. दुसरं कोणी लिहितच नाही. तीन वर्षांत माझ्या एकाही लेखाला त्याने बरं म्हटलं नाही. गेला तर सुटले.
म्हणाले, मग उद्याच करू. म्हटलं, उद्या नको. साइट दोन तास बंद राहणार, वाचकांची गैरसोय होऊ नये. गर्दी कमी असेल तो दिवस शोधते.

७ मे, दुपारी ४
रोज साइटवर किती जण येऊन गेले त्याचा आलेख कंपनीच्या पानावर दिसतो. तो बघायला माझी मी शिकले. काल बावीस भेटी. आज आत्तापर्यंत अठरा. साइट नीट चालते ना, म्हणून पहिल्यापासूनच दर थोड्या वेळाने उघडून बघते. चालते. पण गर्दी काही कमी होत नाही.

११ मे, रविवार
दिवसभर लेकीकडे. जावयाने विचारलं, साइट वाचतं कोण. सांगितलं, रोज बावीस माणसं. वा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१२ मे
काल शून्य भेटी. मी घरात नाही हे बघून मेल्यांनी साइट बंद पाडली. कंपनीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, मॅडम, सगळं व्यवस्थित चालू होतं, काल कोणी आलंच नसेल. पढवलेलं वाक्य. बावीस माणसं एकाच दिवशी कुठे जातील?

१५ मे
पूर्ण वर्षाचा आलेख काढला. चोरी पकडली. आधी रोज चाळीस भेटी. ११ ऑक्टोबरला एकदम पडल्या, आणि परत वर आल्या त्या वीसच. म्हणजे त्या दिवशी त्यांनी काहीतरी बिघडवलं. मला तेव्हाच कळलं असतं, पण त्या दिवशी ह्यांना सकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, आणि पुढे महिनाभर घर माणसांनी भरलेलं होतं.
जिज्ञासूची शेवटची प्रतिक्रिया ९ ऑक्टोबरची. जहाजाच्या कादंबरीवर. 'शेवटची चाळीस पानं तुम्ही वाचलीत का? वाचली असती तर कप्तानाला भेकड म्हटलं नसतं.' मी ती पानं चाळली होती. चाळणं म्हणजे वाचणंच.
साइट उघडायला वेळ लागतो म्हणून तोही वैतागून गेला असणार. मला फरक पडत नाही. फक्त नोंद.

२० मे
भाऊजी म्हणाले, वहिनी, साइट हलवायची आहे, घर नाही. मुहूर्त कसले काढताय? शनिवार २४, दुपारी दोन ते चार ठरवलं. साइटवर सूचना लावली. 'कामानिमित्त दोन तास बंद. वाचकांनी काळजी करू नये.'

२४ मे, दुपारी ३
हलवण्याआधी भाऊजी म्हणाले, फोनवर कशी दिसते बघू. त्यांच्याकडे ह्यांचाच फोन असतो. नुसता पडून राहण्यापेक्षा म्हणून नोव्हेंबरात मीच दिला. प्रतिक्रियेच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं, तर नावाच्या जागी आपोआप 'जिज्ञासू' आलं.
म्हटलं, भाऊजी, तुम्ही? तोंडावर वहिनी वहिनी आणि मागून हे उद्योग?
म्हणाले, वहिनी, मी तुमचा एकही लेख वाचलेला नाही. शपथ.
यावर माझा लगेच विश्वास बसला.
मग दोघंही त्या फोनकडे बघत बसलो. भाऊजी म्हणाले, चहा टाकू का मी.
काम आज रद्द. भाऊजींना बरं वाटत नव्हतं.

२५ मे
संताप झाला आहे. आतल्या खोलीत आडवं पडून, माझ्याच घरातून. मी बाहेरून प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि आतून हे म्हणायचे, मूर्ख माणूस दिसतो, सोड. पण विचारतोय ते बरोबर आहे.
मी त्याला उत्तरात दोनदा 'अर्धवट' लिहिलंय. जेवताना ह्यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली असेल तर शपथ.
चाळीसपैकी वीस कोण ते कळलं. उरलेले वीस कोण, हा विचार आज करायचा नाही.

२८ मे
भाऊजींचा फोन. तीनच दिवस राहिलेत, वहिनी. म्हटलं, वाचतेय, नंतर बोलू.

३१ मे, सकाळी ११
जुन्याच कंपनीला पैसे भरले. तीन वर्षांचे, एकदम. सवलत आहे का विचारलं. नाही. लुटारू आहेत हे मत कायम.
भाऊजींना कळवलं, वाचकांची गैरसोय झाली असती. ते बरं म्हणाले. एरवी इतक्यात ऐकत नाहीत.
चाळीस पानं काल संपली. कप्तान भेकड नाही. ९ ऑक्टोबरच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं, 'नव्हती वाचली. आता वाचली. तुमचं बरोबर होतं.'

दुपारी ४
उघडून बघितलं. उत्तर नाही. आजच्या भेटी अकरा.