मिस्टरसाठी चोवीस प्रश्न

३ जून, सकाळी ७
आजपासून पंधरा दिवसांत कुत्र्याला कायमचं घर. निश्चय पक्का.

बेंगळुरूत यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांमागे सापडला, त्याला तीन महिने झाले. प्राण्यांच्या ग्रुपवाली रंजिता म्हणाली होती, आंटी, एकच आठवडा ठेवा. तिच्या आठवड्याला दिवस किती असतात, कोण जाणे. तात्पुरत्या पाहुण्याचं बारसं करत नाहीत, म्हणून नाव ठेवलं नाही. मिस्टर म्हणते.

घाईचा आणि बाथरूमचा काहीही संबंध नाही. गेल्या महिन्यात मी तिथे पडले नव्हते. फरशीवर बसले होते. चाळीस मिनिटं. मिस्टर दाराबाहेर भुंकत राहिला, मग वॉचमन महांतेश जादा किल्लीने आत आला आणि त्याने बाथरूमची कडी तोडली. नवीन लाकडाचा सत्यानाश.

पण समजा पुन्हा बसले आणि उठलेच नाही, तर याचं कोण बघणार? एकाहत्तर म्हणजे काही वय नव्हे. तरी.

त्या दिवसापासून मिस्टरने बंद दारांचा धसका घेतलाय. त्याच्यासाठी मी बाथरूमला कडी लावत नाही. लिफ्टने जाणंही सोडलं. चार मजले जिन्याने.

५ जून
कुत्रं मागणाऱ्यांसाठी अर्ज तयार केला. चोवीस प्रश्न. सतरावा सर्वांत उत्तम: वय पासष्टच्या वर आहे का, आणि एकटे राहता का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर अर्ज तिथेच बाद. चोविसावा: रोज सकाळी आठ वाजता कुत्र्याचा फोटो पाठवाल का?

रंजिता एवढी खूश, की तिने हाच अर्ज अख्ख्या ग्रुपला सक्तीचा केला. कॉन्व्हेंटचं शिक्षण वाया जात नाही. आमच्या सिस्टर म्हणायच्याच, की या मुलीच्या नियमांतून डाससुद्धा सुटणार नाही.

८ जून
दोन अर्ज. दोन्ही बाद.

पहिला पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार. याला राखणीसाठी हवाय. चावतो का, विचारलं. म्हटलं, तो नाही, मी चावते. गेला.

दुसरी बाई फोटो बघून म्हणाली, रंग स्वल्प फिका असता तर सोफ्याला मॅच झाला असता. तिला म्हटलं, सोफाच बदला, तोही दत्तक मिळतो.

मिस्टर दिवसभर माझ्या पायाशी. बाहेर कुणी बेल वाजवली की दचकतो. मीही दचकते, पण सोबत म्हणून.

११ जून
तनय नावाचा मुलगा आला. मूळ नागपूरचा, मारतहळ्ळीत राहतो, आयटीत. बरोबर आई, अंजली. ती त्याच्याकडेच असते, दिवसभर घरी. चोवीसपैकी चोवीस.

मला घाम फुटला. उकाडा असणार. जूनमध्ये बेंगळुरूला उकाडा नसतो, पण हल्ली हवामानाचा काही भरवसा नाही.

आयत्या वेळी पंचविसावा प्रश्न काढला: कुत्र्याने चप्पल खाल्ली तर? तनय म्हणाला, आंटी, दुसरी पण देऊन टाकू, एका चपलेचं आपण काय करणार? अंजली म्हणाली, काहून घाबरता जी, आम्ही त्याला जीव लावू. मी तिला स्पष्ट सांगितलं, की घाबरलाय तो मिस्टर. मिस्टर त्या वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. भीतीने झोप लागते कधीकधी.

१४ जून
मारतहळ्ळीला जाऊन घर तपासलं. जाताना पावणेदोन तास. तळमजला, गॅलरीला जाळी, आधीच आणलेली गादी. दोष शोधून काढलाच: जाळी हिरवी आहे. वहीत लिहिलं. पुढे काय लिहावं सुचेना.

परत आल्यावर जिना चढताना महांतेशने हटकलं. तो निपाणीकडचा, बोलणं तसंच. म्हणाला, अक्का, गुडघं मोडून का घेताय? मी फिरवून आणतो तवा मिस्टर रोज लिफ्टनंच येतोय की! दार उघडायच्या आधी शेपटी हलवतंय ते.

म्हटलं, तो फक्त माझ्याबरोबर असताना घाबरतो. महांतेश म्हणाला, सरी अक्का, म्हणजे कानडीत बरं. त्याचा तो 'सरी' मला आवडला नाही.

१५ जून, दुपारी
सोपा उपाय होता, कुणाला सुचला कसा नाही? मीच दत्तक घेणार. अर्ज भरून पाठवला. अक्षर सुरेख.

१५ जून, संध्याकाळी
बाद.

रंजिताने फोन केला. आवाज रडवेला. आंटी, सतरावा. म्हटलं, तो मी लोकांसाठी लिहिला होता. ती म्हणाली, आंटी, याच नियमाने मी या आठवड्यात तिघांना नाही म्हटलंय. आणि मग हळूच विचारलं, की तुम्हाला पुन्हा काही झालं तर तो किती दिवस आत अडकेल?

उद्धट कार्टी. तोच प्रश्न मी रोज पहाटे स्वतःला विचारते आणि विषय बदलते.

१८ जून
पंधरा दिवसांत म्हटलं होतं, पंधरा दिवसांत दिलं. मिस्टर तनयच्या गाडीत चढला. वळून बघेल म्हणून गेटपाशी थांबले. त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढलं, पण पुढच्या बाजूला.

लायक माणसं मिळाली.

१९ जून, सकाळी ८.१०
साडेसातपासून फोन हातात. सहज.

बरोबर आठला फोटो आला. मिस्टर गादीवर, शेजारी अर्धी खाल्लेली चप्पल. खाली अंजलीचा निरोप: साडेआठपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर महांतेशला फोन करणार, त्याचा नंबर घेऊन ठेवलाय. रोजच. मिस्टरला तुमची फार काळजी वाटते हो.

स्वतःची धास्ती मुक्या जनावराच्या नावावर खपवणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. लगेच उत्तर पाठवलं.

मग दूध आणायला खाली गेले. जिन्यानेच आले. महांतेशने लिफ्टचं दार उघडून धरलं होतं. आता आंघोळ. नवी कडी चांगली मजबूत आहे, पण लावणार नाही. मिस्टरला बंद दार चालत नाही.