राजाच्या न्यायाधीशाला सासूचं उत्तर

जावईबापू,

माझ्या मेहिटेबलला तुमच्याकडे बॉस्टनला पाठवा म्हणता. इंग्लंडच्या राजाने आमच्यावर नेमलेले न्यायाधीश ना तुम्ही! गेल्या सुगीत गावाने तुम्हाला टोपी काढून राजीनामा वाचायला लावला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून पुन्हा पुन्हा! हसून माझं पोट दुखलं. आवाज अगदी खुडूक कोंबडीचा. आमच्या खुडकीने निदान पिल्लं तरी काढली.

लेकीला विचारलं, "जातेस का गं नवऱ्याकडे?"

"राजाचे शिपाई सांभाळतायत ना त्यांना? मग मी कशाला, आई?" म्हणाली, आणि तुमची कथलाची ताटं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतायला बसली.

हे धाडणार होते, पण आज राजाच्या शिपायांशी गावाची लढाई पेटली. गोळी नि दारू गुंडाळून काडतुसं वळायला कागद पुरेना, म्हणून हाही देतेय. तुमच्यापर्यंत पोचेलच.

तुमच्या बायकोची आई,
हेप्झिबा