चार खणांचा सर्व्हर

१ डिसेंबर २०२४, रविवार
फोन पुन्हा फुल्ल. राजेश्वरीला सांगितलं, आता घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, पिक्चर, आईची भजनं एकाच जागी राहणार. घरचा सर्व्हर करतोय, तोही स्वस्तात. ती म्हणाली, आधी टाकीचा बॉल कॉक बदला. लग्नाला वीस वर्षं झाली, पण बाईला व्हिजन नाही.

खरं कारण आई. रोज चहा झाला की माझा फोन मागते आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचा व्हिडिओ बघते. वेळ अमावस्येला शेतात काढलेला, त्यांच्या शेवटच्या येळवशीचा. कडब्याच्या कोपीपुढं बसून आंबिलीचा तांब्या तोंडाला लावलाय, आणि माझ्याकडं बघून म्हणतात, आधी पिऊ दी की रं, मग काढ फोटू. एवढंच. फोटो नाही, व्हिडिओ चाललाय हे त्यांना कळलंच नाही. आई दर वेळी तिथंच हसते. मला शाळेत जायला दर वेळी उशीर.

यंदा येळवस तीस तारखेला. शेतात बसून सगळ्या पाव्हण्यांना अण्णा दाखवणार, थेट घरच्या सर्व्हरवरनं. आईला शब्द दिलाय.

४ डिसेंबर
बंद पडलेल्या सायबर कॅफेचा कॉम्प्युटर आणला. मालकानं जवळजवळ फुकट दिला. वस्तूची किंमत नाही लोकांना. आत हार्ड डिस्कसाठी चार खण. एक भरलेला, तीन मोकळे. लागेल तसा वाढवायचा. शाळेतले मल्हार सर म्हणाले, जुन्या डिस्कवर भरवसा ठेवू नका, आणखी एक कॉपी असू द्या. विज्ञानाचे शिक्षक, पण स्वभाव भित्रा.

आईनं लांबूनच विचारलं, ह्यात अण्णा ऱ्हाणार व्हय?

८ डिसेंबर, रविवार
जागा ठरली. स्वयंपाकघर, ज्वारीच्या कोठीशेजारी. दुपारी राजेश्वरीनं माझा फोन मागून घेतला. कुणाला काय पाठवायचं होतं देव जाणे.

संध्याकाळी सर्व्हर सुरू!! फोनमधलं सगळं तिकडं हलवलं. फोन हलका, मी हलका. राजेश्वरीनं विचारलं, अण्णांचा व्हिडिओ पण काढून टाकला का? म्हटलं, काढला नाही, हलवला. दोन्हींत फरक आहे. ती भाकरी थापायला बसली. पटलं असणार.

११ डिसेंबर
आईनं अण्णांना टीव्हीवर बघितलं. म्हणाली, लई मोठे दिसायल्यात. कृतार्थ झालो. टीव्ही जोडण्यात अर्धा तास गेला म्हणून शाळेला उशीर झालाच, पण तो प्रगतीमुळं.
डिस्क टकटक करते. कामाची आहे.

१५ डिसेंबर, रविवार
सर्व्हरच्या डोक्यावर पातेलं! राजेश्वरी म्हणते थंडीनं दही लागंना, ज्वारीत खुपसून ठेवलं तरी लागंना, आणि आंबिलीला ताक तर हवंच. ह्याचं डोकं छान कोमट असतंय. मी तिला डेटा सेंटर म्हणजे काय ते नीट समजावलं. ती म्हणाली, झाकण घट्ट आहे.

१६ डिसेंबर
दही सुरीनं कापावं असं लागलं. तो मुद्दा नाही.

१९ डिसेंबर
शेजारच्या गजराबाई विरजणाचं पातेलं घेऊन आल्या. लाईटची ये-जा फार. जानेवारीत इन्व्हर्टर घेणार, नक्की.

२३ डिसेंबर
टकट​क थांबली. डिस्क रुळली एकदाची. टीव्हीवर मात्र काही दिसत नाही. केबल असेल.

२४ डिसेंबर
केबल नाही.

२५ डिसेंबर
मल्हार सर येऊन बघून गेले. म्हणाले, डिस्क मेली, आतलं काही परत येणार नाही. मी पातेल्यांकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, पातेल्यांचा काही दोष नाही. मित्रानं अशा वेळी तरी आपली बाजू घ्यावी.
आईला सांगितलं, सर्व्हर मेंटेनन्सला आहे.

२७ डिसेंबर
चहा झाल्यावर आईनं सवयीनं हात पुढं केला. मग आठवलं, तसा मागं घेतला. शाळेत वेळेआधी पोचलो. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. लई वाईट वाटतंय.

२९ डिसेंबर, रविवार
आईला खरं सांगायचं ठरवलं. सकाळी पाहुणे आले. दुपारी ती झोपली. संध्याकाळी येळवशीच्या भाजीसाठी, भज्जीसाठी, शेंगा सोलताना तिनंच विचारलं, उद्या दिसतील नव्हं अण्णा? म्हटलं, व्हय. आता खरं ते उद्या शेतातच सांगतो. मोकळ्या हवेत माणूस समजून घेतो.

३० डिसेंबर, येळवस
कोपीत पूजा झाली. पाव्हणे पंगतीला बसले. आईनं सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, आता आमचा कृष्णा अण्णांना दाखवणार हाय. मी म्हटलं, शेतात रेंज नाही. समोर चुलतभाऊ पुण्याला व्हिडिओ कॉलवर बोलत होता.

मग बोललो. आई, व्हिडिओ गेला. माझ्या हातानं गेला.

राजेश्वरीनं पदराला हात पुसले, स्वतःचा फोन काढून आईच्या हातात दिला. अण्णा! तांब्यासकट! आठ तारखेलाच दुपारी घेऊन ठेवलेला. म्हणाली, तुम्ही सर्व्हर सुरू करणार म्हणालात, तेव्हाच मला भ्या वाटलं. मग इतके दिवस का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, मेंटेनन्स संपायची वाट बघत होते.

आई तिथंच हसली, जिथं रोज हसते. मला सगळ्यांसमोर रडू आलं. कुणीतरी आंबिलीचा तांब्या हातात दिला म्हणून तोंडाला लावला, तर राजेश्वरी समोर फोन धरून उभी. म्हटलं, आधी पिऊ दे की, मग काढ फोटो.

आई म्हणाली, अगदी बापावर गेलंय.

आंबील फर्मास झाली होती. सगळ्यांनी विचारलं, दही कुठलं. राजेश्वरीनं सांगितलं, सर्व्हरचं.

१ जानेवारी २०२५
नवीन वर्ष. बॉल कॉक बदलला, प्लंबरनं.
सर्व्हर बंद करायला गेलो, तर सासू-सून दोघी आडव्या आल्या. तो आता अखंड चालू राहणार. आज पलीकडच्या गल्लीतून चौथं पातेलं आलं, डोक्यावर जागा नाही म्हणून बाजूची पत्र्याची प्लेट काढून आत, मोकळ्या खणांत बसवलं.
मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, लागेल तसा वाढवता येतो.