सुरुंग पेरणाऱ्या बोटीची गोष्ट

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात रोज बोलते, पण कागदावर आज पहिल्यांदा लिहितेय. मुक्ता पुढच्या शनिवारी शारजाहून बोटीवर चढायचं म्हणतेय आणि उद्या सकाळी मला तिला हो किंवा नको सांगायचं आहे. हे उत्तर एकटीने द्यायची मला भीती वाटते. इतकी, की सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं.

कुठे निघालीय आपली मुलगी? इराककडच्या बंदराकडे. लढाई आत्ता कुठे थांबलीय. धान्याची जहाजं आत घ्यायची तर समुद्राच्या तळाशी काय काय पडलंय ते आधी बघायला हवं, आणि ते बघायचं काम हिच्या कंपनीला मिळालंय. बोटीमागे दोरखंडाला बांधून माशासारखं एक यंत्र ओढत न्यायचं. ते आवाज सोडतं, आवाज तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. बुडालेलं जहाज, तुटलेला नांगर. किंवा दुसरं काही. ते ‘दुसरं काही’ ती माझ्यासमोर उच्चारत नाही. मी मात्र ते उशीखाली घेऊन झोपते.

“आई, इट्स अ सर्व्हे बोट, नॉट अ वॉरशिप. नेव्हीने चॅनल क्लिअर केलाय,” असं म्हणते. मी म्हटलं, “नेव्हीचं एखादं राहिलं तर?” तर खांदे उडवून म्हणाली, “दॅट इज व्हाय दे नीड अस.”

हे तुमचंच बोलणं आहे. तुम्हीच तिच्या डोक्यात घातलंत. खरं सांगू? हे दोन महिने मी तुमच्यावर रागावून आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मग रागवायचं कुणावर?

बारा वर्षांची होती ती. अजमानच्या आपल्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये, जिथे एसी सुरू केला की शेजारच्यांचा टीव्ही बंद पडायचा, तिथल्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही तिला यूसी-४४ ची गोष्ट सांगायला लागलात. पहिल्या महायुद्धातली जर्मनांची पाणबुडी. इतर मुलींचे वडील त्यांना राजाराणीच्या गोष्टी सांगत होते. आमच्याकडे भरीत-भाकरीबरोबर पाणसुरुंग.

मला ती बोट आजही पाठ आहे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी रोज घोकून घेतलेल्या प्रार्थना अर्ध्यामुर्ध्या विसरले, पण ही बोट नाही विसरले. पुढच्या भागात सहा नळ्या, पोटातून आरपार गेलेल्या, खालची तोंडं समुद्रात उघडी. प्रत्येक नळीत तीन सुरुंग, एकावर एक, आणि ते दाखवायला तुम्ही माझा तीन पुडांचा टिफिनचा डबा ओट्यावरून उचलून आणायचात. नळ्या सरळ उभ्या नव्हत्या, खालून मागे झुकवलेल्या होत्या. “का, सांग बघू?” तुम्ही डबा तिरका धरून तिला विचारायचात. ती म्हणायची, “कारण बोट पुढे जात असते. नाहीतर सुरुंग अडकेल.” मग मान डोलवून तुम्ही तिला अजून एक भाकरी वाढायचात, जणू ती बक्षीस होती.

आणि खडीसाखरेचा तो खेळ. सुरुंग बोटीतून सुटला की नांगरासकट तळाशी जाऊन बसतो. त्याला एक गुडदी असते, बुचासारखी, पाण्यात विरघळणारी. ती विरघळली की नांगर तळाशीच राहतो आणि सुरुंग तारेला बांधलेला वर येतो, वाटेत उभा राहतो. तेवढ्या वेळात बोटीने दूर गेलं पाहिजे. तुम्ही पाण्याच्या ग्लासात खडा टाकायचात आणि मुक्ता मिठाची वाटी बोटीसारखी टेबलावरून ढकलत पळवायची. “पण साखर लवकर विरघळली तर, बाबा?” एकदा तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, “मग तो आपल्याच पोटाखाली वर येतो. बऱ्याच बोटी अशाच गेल्या, स्वतःच्याच सुरुंगाने.”

मी त्या दिवशी ग्लास उचलून मोरीत ओतला होता. आठवतं? म्हटलं, “पोरीला जेवू द्या.” तुम्ही दोघं हसलात. मला तेव्हा वाटलं, यांना माणसांपेक्षा यंत्रांवर जास्त प्रेम आहे. तुमच्या जहाजांच्या यार्डमधले ते म्हातारे जर्मन साहेब तुम्हाला जुनी मासिकं आणून द्यायचे आणि तुम्ही ती चित्रं लहान मुलासारखी बघत बसायचात.

मला सगळ्यात भीती वाटायची ती सुरुंगाची खोली ठरवण्याची. वर येऊन तो पाण्याखाली किती खोल उभा राहणार, हे बंदरातच ठरवून ठेवावं लागायचं. नळ्या पाण्याने भरलेल्या, त्यामुळे एकदा निघालं की सुरुंगाला हात लावता येत नाही. समोरचा समुद्र कसाही असो, भरती असो, ओहोटी असो, घरून जे ठरवून आणलं तेच खरं. मी पोळ्या लाटता लाटता ते ऐकायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. त्या बोटीत माणसं होती ना? त्यांच्याही आया होत्याच की कुठेतरी.

इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्याला किती फेऱ्या मारल्या तिने, किती जहाजं बुडवली, ते तुम्ही फार रंगवून सांगत नव्हतात. तुम्ही शेवटच्या फेरीवर लवकर यायचात. आयर्लंडमधल्या एका बंदराचं तोंड. तिथे आधीही जर्मनांनी सुरुंग पेरले होते. पण इंग्रज मोठे नेमाचे, ते दर वेळी साफ करतात, म्हणजे आताही केलंच असणार, असं धरून ही बोट पुन्हा तिथेच पेरायला गेली. आणि या वेळी साफ झालेलं नव्हतं. मुद्दाम ठेवलं होतं की राहून गेलं होतं, कुणी काही म्हणतं, कुणी काही. फुटलेला सुरुंग तिचा स्वतःचा की तिच्या भावंड बोटीचा, यावर तुमचा आणि जर्मन साहेबांचा वाद कधी मिटला नाही. जर्मनांचाच होता एवढं नक्की.

“शत्रूच्या शिस्तीवर विसंबून मेले बिचारे,” असं म्हणून तुम्ही मुक्ताकडे वळायचात. “पेरणारा पेरून निघून जातो, बेटा. खरं काम साफ करणाऱ्याचं.”

तेच एक वाक्य तिने धरून ठेवलं. पुण्याला शिकायला गेली ती समुद्राचा तळ मोजायला, आणि परत आली ती थेट शारजाच्या कंपनीत. आता सांगा, मी कुणाला दोष देऊ?

तिला अडवायला मी एक युक्ती केली. इस्माईलभाईंना घरी बोलावलं. दाभोळचे इस्माईलभाई, तुमच्या यार्डच्या, जहाजं ओढणाऱ्या टगचे सारंग. कुवेतच्या लढाईनंतर तुम्ही त्यांच्याच टगवर तिकडे गेला होतात ना, तो मोडका बार्ज ओढून आणायला? मला वाटलं, समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, ते समजावतील. पोरीने समुद्रावर जाऊ नये म्हणतील. मी त्यांना फोनवर तसं सांगूनही ठेवलं होतं.

काल, शुक्रवारी दुपारी नमाजनंतर आले. दाढी पार पांढरी झालीय. चहा घेतला, मुक्ताची चौकशी केली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, तुम्ही सांगितलंत तसं बोलायला आलो होतो. पण साहेबांची पोरगी समोर बसलीय, खोटं कशाला बोलू?”

आणि त्यांनी जे सांगितलं, ते तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

त्या फेरीत पाण्यात सुटे सुरुंग तरंगत होते म्हणे. टगवर हुकूम होता, कुणी खाली झोपायचं नाही, लाइफ जॅकेट काढायचं नाही, दोघांनी पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून पाण्यावर नजर ठेवायची. पण इंजिनरूममध्ये तर कुणीतरी लागणारच. इंजिनच्या तेलवाल्याने हात जोडले, “साब, नीचे नहीं जाऊँगा, मेरे बच्चे छोटे हैं.” तुम्ही स्वतः खाली उतरलात. तुमची मुलगी मोठी होती का?

“मी चहा घेऊन गेलो,” इस्माईलभाई म्हणाले. “साहेब उलट्या बादलीवर बसलेले. कप हातात दिला तर अर्धा चहा पँटवर. मी म्हटलं, साहेब, वर चला, जे व्हायचं ते होईल, इन्शाल्ला सगळं बरं होईल. तर म्हणाले, वर कसा येऊ? तू फक्त दोन मिनिटं बस आणि काहीतरी बोल. गप्प बसलं की तळाचा पत्रा ऐकू येतो.”

“मग तुम्ही काय बोललात?” मुक्ताने विचारलं.

“मला काय सुचणार? मी म्हटलं, साहेब, तुम्हीच बोला. मग त्यांनी सुरू केली ती पाणबुडीची गोष्ट. मी मनात म्हटलं, या अल्ला, दुसरा विषय नाही मिळाला माणसाला?” आणि ते हसले, पण डोळे पुसले. “मग आम्ही पाळ्या लावल्या. एकेक जण खाली जाऊन बसायचा आणि साहेब त्याला गोष्ट सांगायचे. शेवट सगळ्यांना पाठ झाला. स्फोट झाला, बोट तळाला गेली. वरच्या छोट्या खोलीत कप्तान आणि दोघं अडकले. बाहेर पाण्याचा दाब, झाकण उघडेना. मग त्यांनी काय केलं? पाणी आत येऊ दिलं. गळ्यापर्यंत. दाब सारखा झाला, झाकण उघडलं, तिघं बाहेर पडले. जिवंत हाती लागला एकटा कप्तान. साहेब इथे येऊन दर वेळी थांबायचे. म्हणायचे, आधी पाणी आत घ्यावं लागतं, इस्माईल. ते घ्यायलाच माणूस घाबरतो.”

अहो, मी हिशोब करत बसले होते. तुम्ही त्या फेरीहून परत आलात आणि त्यानंतर आपल्या टेबलावर ही गोष्ट आली. आधी नव्हती. आधी तुम्ही मुक्ताला पाढे विचारायचात.

म्हणजे ते यंत्रांचं प्रेम नव्हतंच का? तुम्ही आमच्यासमोर बसून तळाचा पत्रा ऐकू येऊ नये म्हणून बोलत होतात? कुवेतहून फोन करून मला म्हणालात, “इथे सगळं ठीक आहे, जेवणही बरं आहे, तू काळजी करू नकोस.” मी केली नाही. मी त्या आठवड्यात पडद्यांचं कापड आणायला मैत्रिणीबरोबर अल ऐनला गेले होते. मला का नाही सांगितलंत? मी घाबरले असते, रडले असते, हो. पण तुमच्याजवळ बसले तर असते. इस्माईलभाईंना दोन मिनिटं बस म्हणालात, मला नाही म्हणालात. बायकोला घाबरवायचं नाही, ही तुमची माया होती, ठाऊक आहे मला. पण त्या मायेने मला दाराबाहेर ठेवलं.

इस्माईलभाई निघताना मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जायचं तर जा, बेटी. पण बापासारखी एकटी खाली बसू नकोस. खलास, एवढंच.” माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, माफ करा, तुमचं काम नाही झालं.”

ते गेल्यावर मुक्ता बराच वेळ कप विसळत उभी होती. एकच कप. तुम्हाला माहीत आहे, मी मराठीत बोलावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, ही आमच्या घरची रीतच. काल पाठमोरी राहूनच, पण मराठीत म्हणाली, “आई, मलाही भीती वाटते. कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही.”

मी म्हटलं, “मग नको ना जाऊ, बाळा.”

“मला जायचंय,” ती म्हणाली. “दोन्ही खरं आहे. पण तू नको म्हणालीस तर नाही जाणार. तू भीतीने मरशील आणि मी तिकडे काम करेन, हे मला जमणार नाही. विचार करून परवा सकाळी सांग.”

बघा, किती साधं केलं तिने. आणि किती अवघड. आता तिचं जाणं माझ्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दावर आहे. नको म्हटलं तर ती खरंच थांबेल, मला कधी बोलूनही दाखवणार नाही. दुबईत एखाद्या थंडगार ऑफिसात बसेल, संध्याकाळी घरी येईल, आणि मी तिच्या ताटात वाढताना दर वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहीन. हो म्हटलं, आणि त्या पाण्यात एकच काही राहून गेलं असलं, तर? तर मी कुणाकडे बघू? दुपारभर मी हे दोन्ही घर झाडल्यासारखं झाडून पाहिलं. भीती कुठल्याच कोपऱ्यातून निघाली नाही. नको म्हटलं तरी ती इथेच राहणार आहे, माझ्याबरोबर, या फ्लॅटमध्ये.

म्हणून तुम्हाला वचन देते. उद्या सकाळी मी तिला हो म्हणेन, आणि म्हणताना रडायला आलं तर रडेन, लपवणार नाही. शनिवारी तिच्याबरोबर शारजाच्या धक्क्यावर जाईन. तुमच्या सगळ्या नोकरीत मी एकाही बोटीवर पाय ठेवला नाही, गाडीतच बसून राहायचे. या वेळी शिडी धरून वर चढेन. मला पडायची भीती वाटेल, पण मुक्ताचा हात असेल. तिचं बिछान्याचं फळकूट कुठे आहे ते बघेन, त्यावर स्वतः चादर घालेन, आणि खाली उतरायला सांगतील तोवर तिच्याजवळ बसून राहीन.

तुमची,
नलू