सहाव्या नंबरची निवड

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी लिंगपूजा केली. कपाळाला भस्म लावलं. गाडीनं परभणीला गेलो आणि स्टेडियमबाहेरच्या टपरीवर चहा पीत खोटं बोललो.

आज मुलींच्या बास्केटबॉलची खेळाडू-निवड होती. सहा तालुके, सहा संघ, पाळीपाळीनं एकेक मुलगी उचलायची. सेलूचा संघ माझ्याकडं. मागच्या वर्षी आम्ही सेलूवाले जिंकलो, म्हणून यंदा आमचा नंबर शेवटचा. पूर्णेच्या संघाचा रविकांत टपरीवर भेटला. "आप्पा, यंदा कुणावर डोळा?"

म्हणालो, "चुडाव्याच्या सृष्टीला घेतलं असतं. पण आईबाप यंदा तिला संगं न्यायचं म्हणायलेत. ऊसतोडीला."

"कुणी सांगितलं?"

"गावातूनच कळलं."

एवढंच! बाकीच्या संघांची माणसं तिथंच बिस्किटं बुडवत होती. सामने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोडीला गेलेली पोर त्याच्या आत परत येत नाही. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचे आईबाप दरवर्षी जातात, हे खरं. पोर मावशीकडं राहते. तिला नेणार, हे मी बनवलं.

रविकांतनं खांद्यावर हात ठेवला — "बरं झालं बोललाव. न्हाईतर माझा तिसरा नंबर वाया गेला असता." त्यानं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. कपाळावरच्या तीन पट्ट्यांवर ठेवला.

पाच नावं झाली. सृष्टीचं कुणी घेतलं नाही. सहाव्या नंबरला मी घेतलं. रविकांत हसला, "आप्पा, उडालेलं पाखरू कशाला धरायलाव?" मी म्हणालो, "बघतो. आईबापाच्या हातापाया पडून थांबवतो."

त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या!

९ ऑक्टोबर, सोमवार

सोमवार असून पूजेत नजर ठरली नाही. तळहातावर लिंग घेतलं की त्याच्याकडं बघत बसायचं, इतकंच तर असतं. आज मीच डोळे मिटून घेतले.

११ ऑक्टोबर, बुधवार

जिनिंगवर कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात. दिवसभर वजनकाट्यावर बसतो, डोकं मात्र निवडीतच.

शेवटच्या नंबरवाल्यानं कसं निवडावं, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा समज होता. पहिल्या नंबरवाल्याला काही करावं लागत नाही. जी सगळ्यांना दिसते ती त्यानं उचलायची. शेवटच्याला हिंडावं लागतं. जी अजून कुणाला दिसली नाही ती शोधायची. तयार खेळाडूच्या मागं लागायचं नाही — ती आपल्यापर्यंत येतच नसते. खो-खोतली बघायची, उंच उडीतली बघायची. नेम चुकल्यावर पोर मान खाली घालून उभी राहते का चेंडूमागं पळते, ते बघायचं. नेम शिकवता येतो. पळणं शिकवता येत नाही.

अकरा वर्षं असंच केलं. यंदाही वहीत एक नाव होतं — येलदरीची पंकजा. बापासोबत धरणात जाळी ओढते. खांदे असे की चेंडू अर्ध्या मैदानावरून फेकते, कुठं पडेल ते देवाला माहीत! तिला बघायला तीन वेळा येलदरीला गेलो होतो. दुसऱ्या कुणी तिचं नावही ऐकलं नव्हतं.

आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा असतो. म्हणजे सहावी निवड आमची आणि लगेच सातवीही आमचीच. दोन पोरी लागोपाठ. शेवटच्या नंबरचा हा फायदा मीच दरवर्षी इतरांना समजावून सांगतो. पंकजा सातव्याला मिळालीही. सहाव्याला आणखी एखादी अशीच न दिसलेली घेता आली असती. हिंडण्यात मी कमी पडलो नव्हतो. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांना दिसणारी पोर आपल्याकडं असावी असं वाटलं.

हे लिहिताना बरं वाटायला लागलं होतं. म्हणून थांबतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

वसतिगृहाची यादी आली. परभणीला पाच खाटा आहेत. निवडीत पहिल्या पाच आलेल्या मुलींना तिथं राहणं, जेवण, शाळा, रोजचा सराव. पाचव्या नंबरची मुलगी परभणीचीच आहे, ती घरीच राहणार. म्हणजे एक खाट रिकामी. सृष्टीचं नाव यादीत नाही. कसं असणार? ती सहावी.

टपरीवर बोलताना हे लक्षात आलं नाही, असं लिहिणार होतो. लक्षात आलं होतं. हा नियम बैठकीत मीच वाचून दाखवलाय. त्या वेळी मनात म्हणालो — बघू पुढचं पुढं.

१५ ऑक्टोबर, रविवार

चुडाव्याला जाऊन आलो. स्टेशनवरून पायी गेलो. घटस्थापनेचा दिवस, सृष्टीच्या आई झुंबरबाई ओट्यावर माती चाळत होत्या. मला बघून उठल्या, पदर सारखा केला.

"सर, तुमी देवमाणूस. रविकांत सर घेतो घेतो म्हणले आन् ऐन वक्ताला न्हाई घेतलं. तुमी घेतलाव म्हणून चार माणसात इज्जत राहिली."

सृष्टीच्या सरावाचं विचारलं. त्यांनी चाळणी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "वसतिगृह भेटलं असतं तर सोडून गेलो असतो. हिची मावशी आता लेकाकडं पुण्याला गेली. एवढी पोर मागं एकटी कशी ठेवावं? दसरा झाला की संगं नेतो. टोळीवर भाकरी तर थापील."

मी बनवलेलं वाक्य. शब्दाला शब्द. तिच्या आईच्या तोंडून.

सृष्टी दारातच उभी होती. निघताना कोपऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "सर, एक विचारू? मी कुठं कमी पडले? पाच जणांनी न्हाई घेतलं म्हणजे काहीतरी आसंलच की. डावा हात का?"

मी म्हणालो, "डाव्या हातावर थोडी मेहनत घे."

हे मी म्हणालो. परमेश्वरा, हे मी म्हणालो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून परभणीला. समितीच्या अध्यक्षांना, रामप्रसादजींना भेटलो. रिकामी खाट सृष्टीला द्या, म्हणालो. माणूस सज्जन. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला.

"आप्पा, परक्या लेकरासाठी एवढी वणवण कोण करतं? तुमच्याकडून शिकावं आमी लोकांनी! पण कायदा हाय. सहाव्याला खाट दिली तर उद्या जिंतूरवाले माझ्या दारात बसतील. निवडीत काही चूक झाली आसं दाखवा, मंग मला करता येतंय. कारण लिहून द्या फक्त."

कागद पुढं सरकवला. पेनही दिलं.

विचार करून सांगतो म्हणालो आणि उठलो. दारापर्यंत सोडायला आले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

घरी बायकोनं, भागम्मानं विचारलं, "चार दिस झाले, ताटात भाकर तशीच राहायलीय. कायले?" सगळं सांगितलं. वाटलं, बोलेल, रडेल. ती ज्वारी निवडत होती, सूप खाली ठेवलं नाही.

"मला सांगून काय करताव? मी काय तुमच्या समितीत हाय?"

एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "लोक नावं ठेवतील म्हणून भ्यायलाव. ठेवू द्या की. तुमी काम तसंच केलंय."

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कारण लिहिलं — 'काही गैरसमजातून सदर खेळाडूविषयी चुकीची माहिती पसरली.' तीनदा वाचलं. माहिती आपली आपणच पसरली म्हणे! फाडून टाकलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

सेलूच्या मैदानावर सराव. पंकजा येलदरीहून पहाटेच्या एसटीनं आली. बारा फेकले, एक पडला. अकराही वेळा चेंडूमागं पळाली. पोरी तिला हसत होत्या, तीही हसत होती. मला म्हणाली, "सर, मला कशाला घेतलाव हो तुमी?" तिला खरं उत्तर देता आलं. आठवड्यात एवढं एकच.

सृष्टी आली नाही. निरोप होता — सामान बांधायचंय.

२२ ऑक्टोबर, रविवार

उद्या समितीची बैठक. परवा दसरा. नंतर ट्रक निघतील.

संघ जाईल. अकरा वर्षं झाली, मला 'सर' म्हणतात — काट्यावरच्या माणसाला. तेही जाईल. पूजेला बसलो तेव्हा हेच मोजत होतो. पोरीचं काय जाईल ते मोजायला बसलोच नाही. हे ध्यानात आलं आणि तसाच उठलो.

२३ ऑक्टोबर, सोमवार

कारण लिहून दिलं. तीन ओळी, 'मी खोटं बोललो' यानं सुरू होणाऱ्या. रामप्रसादजी कागद घडी घालून ठेवायला लागले. सगळ्यांसमोर वाचा म्हणालो. त्यांच्यानं वाचवेना, मग मीच उभा राहून वाचला. खाट सृष्टीला मिळाली. रविकांतनं तिला तिसऱ्या नंबरला घेतलंच असतं, म्हणून ती पूर्णेकडून खेळेल. सेलूचा संघ आजपासून माझा नाही. रविकांत माझ्या कपाळाकडं बघत राहिला.

तिथून सेलूला न येता चुडाव्याला गेलो. सृष्टीला सांगितलं — तू कुठंच कमी पडली नव्हतीस.

झुंबरबाईंनी माझ्यासाठी चहा आणला होता. ऐकून झाल्यावर कप तसाच आत नेला.