शाफ्टमध्ये उतरायला फिट

३ मार्च. सकाळ.
भूकंपाला तीन आठवडे झाले. बायकोने माझ्या मोबाइलवर आपत्तीग्रस्तांचं ऑनलाइन समुपदेशन सुरू करून दिलं. मला काहीही झालेलं नाही. तेव्हा लिफ्ट दुरुस्त करताना शाफ्टमध्ये, लिफ्टच्या उभ्या विहिरीत, चार तास अडकलो, कामावरचा जोडीदार डोळ्यांदेखत खाली पडून गेला, एवढंच. संध्याकाळचे दोन पेग झोपेसाठी. आजपासून तेही बंद.

४ मार्च.
उद्यापासून बंद. सकाळी जमीन हादरली. बायको म्हणते, ट्रक गेला. असेल.

५ मार्च. दुपार.
व्हिडिओवर समुपदेशक ताई. जोडीदाराबद्दल विचारलं. रेंज नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, मला तर तुमचं स्पष्ट ऐकू येतंय. बाई हुशार आहे. त्यांच्या ॲपवर रोज फॉर्म भरायचा: दारू किती, भीती किती.

६ मार्च.
रोज कोण भरत बसणार? आम्ही लिफ्टवाले सर्व्हिस कार्डावर महिनाभराच्या सह्या एक तारखेलाच ठोकतो. ॲपवर पुढच्या तारखाही उघडतात. दोन आठवडे भरून टाकले. दारू शून्य, भीती शून्य. एका दिवशी भीती एक लिहिली. अगदीच खोटं वाटायला नको.

११ मार्च.
ताईंनी तोंडभर कौतुक केलं. बायकोला ऐकवलं. तिने विचारलं, मग टाकीमागे बाटली कसली? भलती संशयी बाई! हल्ली सगळीकडे जिन्यानेच जातो. व्यायाम होतो.

१६ मार्च. दुपार.
डुलकी लागली. जोडीदार शाफ्टच्या तळातून हाका मारत होता, वर घे रे, वर घे. घामाने शर्ट ओला. उकाडा फार वाढलाय.

२० मार्च.
ॲपचा दाखला आला: 'कामासाठी फिट'. ऑफिसलाही परस्पर गेला. साहेबांचा फोन: उद्या हॉस्पिटलची बारा मजली लिफ्ट. शाफ्टमध्ये उतरून दोर तपासायचे, दुपारपासून पेशंट न्यायचेत. आनंदाने जातो म्हणालो.

२१ मार्च. सकाळी ८.
सातलाच दोन पेग घेतले. ताईंना पहिल्यांदाच खरं लिहिलं. मी रोज पितो. फॉर्म सगळे खोटे. मला फार भीती वाटते, साहेबांना आज मला पाठवू देऊ नका.
ॲपचं लगेच उत्तर आलं. अभिनंदन! तुमची केस यशस्वीरीत्या बंद झाली आहे. आमच्या सेवेला किती स्टार द्याल?
पाच दिले. कमी दिले की कारण लिहावं लागतं. ऑफिसची गाडी खाली येऊन थांबलीय.