पारडीच्या तळ्यातले दोन खांब

शके १७८६, चै. शु. ९

अन् पुन्हा तेच. दादाचा निरोप काय, तर घरी ये, विहीर तळाले गेली, मोट हाकाले माणूस नाही. माणूस नाही म्हणजे मी नाही. मजूर लाव म्हटलं तर तेही नाही, घरचं पोरगं असताना परका कावून लावाचा, असं त्याचं. सहा वर्सं हाकली मी मोट. बैलासंगं पुढं, बैलासंगं मागं. वीस हात धाव, तेवढंच जग. पानमळ्यातल्या वेली माझ्यापेक्षा जास्त फिरल्या असतील. दादा भांडत नाही, हेच त्याचं भांडण. नुसता पाहते. अंजनगाव तीन मुकाम दूर राहिलं तरी तो पाहून राहिला असं वाटते.

गाडीवानाजवळ कळवलं, येत नाही.

आज रामनवमी. इथं पारडीत कापसाच्या वखारीत सुंठवडा वाटला. हातभर चिकट झाला, मग त्याच हातानं रुई.

चै. शु. १३

सात दोकडे भरले, रुईचे मोठे गठ्ठे. पोत्यात उतरून पायानं रुई तुडवाची, तुडवता तुडवता वर येत जाचं. सकाळी पोत्याच्या बुडाशी असतो, दुपारी सगळ्या वखारीपेक्षा उंच. हे काम मले आवडते, वरून अकोल्याचा रस्ता दिसते.

विलायतेकडं कुठी लढाई हाय म्हणे, म्हणून आपल्या कापसाले हा भाव. एका पाटलानं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल पाण्याले वाकला की लोक शेंब्या पाहतात. पाणी कोणी पाहत नाही. तळं आठ दिवसांत कुठून कुठी गेलं. रोज पन्नास-साठ गाड्या येतात, सगळ्यांचे बैल तिथंच पितात.

चै. व. १

मुनीमजीनं सगळ्यांले बोलावून सांगितलं. पाण्याबिगर बैल थांबत नाहीत, बैलाबिगर गाडी नाही, गाडीबिगर वखार कसली. अमावस्येपर्यंत पाहतो म्हणाले. मग काटा उचलून वखार बाळापूरकडं नदीकाठी. संगं काट्यावर तोलणारे जुने तोलारे तेवढे नेतील. दोकडेवाले तिकडं आहेतच.

म्हणजे मी घरी. हात हलवत. दादा काही बोलणार नाही. दारातच आसूड हाती देईल.

चै. व. ३

तळ्यात खांब निघाले. दोन. सकाळी म्हशी घुसल्या होत्या, एकीचं शिंग आदळलं तवा समजलं. दुपारपर्यंत सारं पारडी काठावर. दोकडे तसेच ठेवून आमीही गेलो, मुनीमजी आमच्या पुढं.

काळ्या दगडाचे खांब, पुरुषभर उंच तरी असतील, अर्धे गाळात. कोणी म्हणे राजाचं गाव बुडालं होतं, कोणी म्हणे देऊळ. रेच्यावर सरकी काढाले येते ती भागामावशी म्हणाली, लहानपणी तळ्यातून घंटी ऐकू येत होती. तिच्या बहिणीनं विचारलं, मंग आजपर्यंत सांगितलं कावून नाही. मावशी म्हणे, तू कधी बोलू देतं का.

महादेवाचा गुरव नारायणबुवा धोतर खोचून चिखलात गेला. नारळ फोडला.

चै. व. ६

आणखी हातभर पाणी उतरलं. खांबांच्या मधी एक मोठी शिळा, शिळेच्या मागं दगडाचं चौकोनी कुंड, त्याच्यावर कमळ कोरलेलं. नारायणबुवा म्हणे खांब म्हणजे द्वारपाल, शिळा म्हणजे उंबरा, कुंड अभिषेकाचं. देव आत गाळात हाय. सगळ्याले शेंदूर लागला. गाडीवान लोक अकोल्यापर्यंत बातमी नेऊन राहिले, येणारी गाडी आधी देवाले मग काट्यावर. मुनीमजीनं शेठच्या नावानं नारळ अन् ओंजळभर धुतल्यासारखी पांढरी रुई वाहिली.

मीही गेलो. मागणं काय असणार, पाणी दे, वखार राहू दे, मले घरी नको धाडू. उंबऱ्यावर डोकं टेकलं.

कपाळाले खाचा लागल्या.

डोकं उचलून बोट फिरवलं. गुळगुळीत, बोटभर खोल, एकाले लागून एक. आमच्या विहिरीच्या दगडावर अशाच आहेत, लहानपणी त्याच्यात चिंचोके घरंगळवायचो. दोर घासून घासून पडतात. वर पाहिलं तर दोन्ही खांबांले समोरासमोर भोकं. चाकाचा आस बसाचा तिथं. अन् ते कुंड म्हणजे थारोळं, मोट पालथी होते ते. कमळ कोरलं म्हणून काय झालं. कोणा हौशी माळ्यानं कोरून घेतलं असेल.

मागचा म्हणाला, उठ बा, किती मागतं. उठलो.

चै. व. ७

दोकड्यात नीट पाय पडून नाही राहिले. मोटेचे खांब आहेत तर पुढं विहीर असलीच पाहिजे. गाळानं बुजलेली. आधी मळा असेल, मग कोणीतरी खाली बांध घातला अन् मळाच तळ्यात गेला. विहिरीचा झरा काही तळ्यावर अवलंबून नसते. तळ्यात तर आता नुसता रेंदा राहिला, बैल नाक लावून परत फिरतात.

पण हे सांगाचं कोणाले. सारं गाव पाया पडून राहिलं. त्यात मी परगावचा.

भागामावशीले सांगितलं. आधी पोट धरून हसली. मंग सरकी झटकत म्हणाली, "चारचौघांत नको सांगू. गुरवाले एकट्याले सांग. अकरा नारळ फोडले त्यानं, त्याचं तोंड राहिलं पायजे."

चै. व. ८

नारायणबुवाच्या घरी गेलो. बेलाची पानं निवडत बसला होता. सांगितलं. निवडणं थांबलं नाही. मले वाटलं आता उठून मारते.

मग म्हणाला, "तू माळी नं?"

"हो बुवा."

"तरीच तुले मोट दिसली. मी गुरव, मले देऊळच दिसन."

त्याची बायको आतून म्हणाली, दोघंबी तहानले तर दोघाइले पानीच दिसन. बुवानं तिच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मले विचारलं, नक्की निघते का पाणी. मी म्हटलं, विहीर निघते हे नक्की. पाणी नाही सांगता येत. तो म्हणे हे दुसरं कोणाले बोलू नको.

चै. व. ९

बुवानं सकाळी खांबाजवळ उभं राहून सगळ्यांले खरं तेच सांगितलं, माझं नाव घेऊन. मी तर वखारीच्या मागं लपाच्या बेतात होतो. दोन-चार जणं चवताळले, देवाले मोट म्हणते का हा. बुवा म्हणाला, "उन्हाळ्यात पानी पाजते तो देव नाई त कोन? शेंदूर काई वाया नाई गेला. आता हरेकानं पाच टोपल्या गाळ काढाचा, हीच पूजा."

खांबाच्या पुढं कुठी खणाचं ते मी दाखवलं. उंच दोकड्यावर उभा असल्यावाणी वाटत होतं.

चै. व. १२

तीन दिवस गाळ. चौथ्या हातावर दगडाची गोल कड लागली तवा सगळ्यांनी मले उचलून धरलं. आता दोन पुरुष खोल गेलो तरी गाळ तो गाळच. खापराचे तुकडे, एक सडलं चाक, शिंपले. ओल हाय, पाणी नाही. टोपल्या कमी होऊन राहिल्या. एक गाडीवान म्हणाला, माळीबुवा, देव बरा होता, निदान खोबरं तरी भेटत होतं. हसलो. काय करणार.

मुनीमजी वरून वाकून पाहतात. "अमावस, भाई. आगे मैं नहीं रुक सकता." माणूस वाईट नाही. शेठ त्याले पाहते, तो आमाले.

चै. व. १४

तीन पुरुष खोल गेलो. आज खाली मी अन् नारायणबुवा अन् दोन गाडीवान, एवढेच. बुवाचं वय साठीच्या वर असेल. म्हटलं, वर बसा. तर म्हणे, मी वर बसलो तर लोक म्हणतील यालेच हे खोटं वाटते.

मनात हिशेब मांडला. उद्या काट्याच्या साखळ्या सोडल्या तर परवा मी निघणार. अंजनगावात सांजच्याले पोहोचलो तर कोणी पाहणार नाही.

अमावस्या

सकाळी काटा उतरवला. दोकडे गाड्यांवर चढले. मी विहिरीत. कोणी बोलावलं नाही, मीही वर गेलो नाही. उगवतीच्या अंगाले गाळ कुदळीले चिकटत नव्हता, घसरत होता, तिथंच घाव घालत राहिलो. जेवणवेळेले पायाखाली थंड लागलं. वाटलं घाम. वाकून हात घातला तर बोटांमधून काहीतरी वाहून राहिलं. चाखलं. आधी गाळाची चव, मग गोड.

ओंजळ बुवापुढं धरली. बुवानं माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् त्यानं वर हाक दिली.

दिवस मावळेपर्यंत कमरेइतकं. गाड्या लादलेल्या तशाच उभ्या. शिंगाले चांदी असलेले बैल पहिले आणले होते, त्यांले बादलीनं पाजलं, शेंब्या काही कोणी पाहिल्या नाहीत. मुनीमजी विहिरीत वाकून वाकून पागोटं पाडून बसले. मीच काढून दिलं, गाळानं काळं झालेलं. त्यांनी तसंच डोक्याले बांधलं अन् काटा पुन्हा चढवाले सांगितलं.

वै. शु. ३

आखाजी. मागचे दोन दिवस धाव बांधण्यात गेले, मुरूम टाकून धुम्मसनं ठोकला. सुतारानं नवा आस केला, खांबांच्या भोकात बसला. बुवानं खांबांले शेंदूर लावला, शिळेले फूल वाहिलं. मग मोट सोडली अन् दोर आपसूक त्या खाचेत जाऊन पडला. भागामावशीनं कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

आता बैल हाकणार कोण. गाडीवान तेवढे सगळे पुढं हाकणारे, उलट्या पावली बैल आणणं कोणालेच येत नाही. एकानं करून पाहिलं, बैल थारोळ्यात बसता बसता राहिला. सारे माझ्याकडं पाहाले लागले.

घेतला आसूड. पहिल्या मोटेचं पाणी बुवानं महादेवासाठी नेलं. दुसऱ्या मोटेपासून बैल, माणसं, सरकीवाल्या बाया, धक्काबुक्की. चाळीस मोटा मारल्या. खांदे दुखून राहिले अन् मले उगीचच हसू येते.

मुनीमजी म्हणाले, वखार मिरगापर्यंत इथंच. मोटेवर तूच राहा, दोकड्यापेक्षा रोज जास्त. हो म्हटलं. मोट सोडून पळालो होतो हे त्यांले काय सांगाचं.

वै. शु. ६

दादानं गावचा सखाराम तेली मुद्दाम पाठवला. थेट धावेवरच आला, मले मोट हाकताना पाहून धावेच्या टोकाशी बसला ते हसतच. म्हणे तुझ्या भावाले सांगितलं तर खरं वाटणार नाही.

घरची विहीर अजून तशीच. वहिनी दीड कोसावरून पाणी आणून राहिली, वेली अर्ध्या वाळल्या. दादानं पहिल्यांदाच विचारलं म्हणे, इतके दिवस निरोप असायचा तो ये म्हणून, यावेळेस, येतं का म्हणून. सखारामनं दोनदा सांगितलं ते, त्यालेही फरक समजला असावा.

म्हटलं दादाले सांग, उगवतीच्या अंगाले खण, गाळ घसराले लागला की थांबू नको. सखाराम म्हणे ते सांगतो, पण तो पहिले विचारन ते तुझं काय. मी दोन मोटा मारल्या. इथं मिरगापर्यंत मोट सोडता येत नाही. अन् मिरगानंतर... मुनीमजी अकोल्याच्या मोठ्या वखारीचंही बोलून राहिले. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी. पाहाचं होतं मले अकोला.

सखाराम गाडी जुंपून थांबला. कमरेची पिशवी सोडली. कलदार रुपये तीस होते. विहीर खोदाले दोन मजूर अन् वहिनीले लुगडं, होईल एवढ्यात. मोजून फडक्यात बांधले. मग गाठ सोडून दोन काढले अन् परत कमरेले खोचले, अंजनगावचं गाडीभाडं.

पाठवले अठ्ठावीस.